भीमगीतांच्या गायकाला बलुते नको, करार हवा

चौदा एप्रिलपासून बुद्धपौर्णिमा उलटून जाईपर्यंतचे दिवस म्हणजे गायन पार्ट्यांची सुगी. तुळजापूर असो, नळदुर्ग असो की अणदूर, या काळात पेटी, ढोलकी आणि कीबोर्ड घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावी जीप धावत असते. पत्रकावर गायकाचे नाव ठळक अक्षरांत असते. मंचावर हार, शाल, टाळ्या असतात. मे महिना संपला की फोन वाजायचा थांबतो. जूनमध्ये तोच गायक दुसऱ्याच्या शेतात पेरणीच्या मजुरीला जातो, ढोलकीवाला रिक्षा चालवतो आणि कोरसमधली मुलगी शहरात काम शोधायला निघते. पुढच्या वर्षी ती परत येईलच असे नाही.

बाबासाहेबांनी शाहिरांच्या जलशाला आपल्या भाषणांहून मोठे मानले होते, ही आठवण आपल्याकडचा प्रत्येक सूत्रसंचालक सांगतो. ती सांगून झाल्यावर गायकाला किती दिले, केव्हा दिले, कसे दिले, याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. समाजाला गाणे बाराही महिने हवे आहे. गाणाऱ्याचे बारा महिने कसे निघतात, हा प्रश्न आता उघडपणे विचारायला हवा.

तुळजापूरचे दोन अर्थकारण

तुळजापुरात गाण्यावर जगणारी माणसे आजची नाहीत. संबळ वाजवणारे गोंधळी आणि आराध्यांचे मेळे यांच्या मागे एक पक्की व्यवस्था आहे. लग्न झाले की गोंधळ घालायचा, हा अनेक घरांचा कुलाचार असतो. म्हणजे मागणी रीतीनेच ठरलेली. आश्विनात नवरात्र आणि त्यानंतरची पौर्णिमा, चैत्रात यात्रा, वर्षभर मंगळवार-शुक्रवारची गर्दी. त्या कलावंतांनाही पोट भरण्यासाठी झगडावेच लागते. पण पुढचे बोलावणे येणार, एवढी खात्री रूढी देते.

14 ऑक्टोबर 1956 नंतर आपल्या आधीच्या पिढीने जोगवा सोडला, पोतराजाचा कोरडा खाली ठेवला. त्यासोबत त्या वाद्यांना आणि त्या आवाजांना मिळणारे धान्य आणि पैसेही सोडले. हा त्याग आपण अभिमानाने सांगतो आणि तो अभिमानाचाच आहे. पण त्या जागी गायकासाठी नवी व्यवस्था कोणती उभी राहिली? जयंतीची वर्गणी. वर्षातून एकदा जमणारी आणि एक-दोन रात्रींत संपणारी.

याची किंमत 2020 साली दिसली. 25 मार्चला टाळेबंदी लागली आणि तिचा पहिला टप्पा नेमका 14 एप्रिलपर्यंत होता. जयंती घरात साजरी झाली आणि ते योग्यच होते. 2021 मध्ये 14 एप्रिलच्याच रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध आले. ज्यांची जवळजवळ सगळी कमाई या एका महिन्यात होते, त्यांची सलग दोन वर्षे गेली. पुढे राज्य सरकारने कलावंतांना एकरकमी 5,000 रुपयांची मदत जाहीर केली. दोन हंगामांच्या जागी 5,000. अनेक पार्ट्या तेव्हा मोडल्या त्या मोडल्याच.

1928 चे विधेयक आणि आजचा मंच

धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळे येथे 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 रोजी बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. आपल्या जिल्ह्याला ही तारीख पाठ आहे. पण त्या परिषदेचा विषय काय होता, तो गायकाच्या संदर्भात पुन्हा वाचायला हवा.

वतनाबद्दल बाबासाहेबांचा आक्षेप फक्त काम हलके असण्याला नव्हता. 19 मार्च 1928 रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात वंशपरंपरागत पदांच्या 1874 च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. त्यामागचे म्हणणे सरळ होते. काम कोणते ते ठरलेले असावे, मोबदला किती ते ठरलेले असावे, आणि तो गावाच्या मर्जीवर सोडलेल्या बलुत्याऐवजी रोख असावा. ज्याचा मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर असतो, त्याला ताठ मानेने उभे राहता येत नाही, हा त्यातला गाभा.

आता आपल्या मंचाकडे पाहू. बोलणे फोनवर होते. सुपारी म्हणून हजार-दोन हजार हातावर ठेवले जातात. बाकीचे 'कार्यक्रम झाल्यावर बघू'. कार्यक्रम संपतो, अध्यक्ष खजिनदाराकडे बोट दाखवतो, खजिनदार म्हणतो वर्गणी पूर्ण जमली नाही. गायकाला वाद घालता येत नाही, कारण पुढच्या वर्षी याच गावात यायचे असते आणि आपलीच माणसे असतात. मग ठरल्यापेक्षा कमी घेऊन तो जीपमध्ये बसतो. मधल्या काळात लोकांनी दिलेल्या दहा-वीसच्या नोटा हाच खरा आधार ठरतो. काम ठरलेले, मोबदला मर्जीवर. याला आपण मानधन म्हणतो. पण व्यवहार बलुत्याचा आहे, आणि तो आपणच आपल्या गायकाशी करतो आहोत. प्रत्येक मंडळ असे वागते असे नाही. ठरलेला पैसा मंचावर चढण्याआधी देणारी मंडळेही आहेत. पण ती चांगुलपणाने देतात, बंधन म्हणून नव्हे.

जुन्या शाहिरांना कुणी जगवले?

'पूर्वीचे शाहीर पैशासाठी गात नव्हते' असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी 1922 मध्ये जन्मलेले वामनदादा कर्डक मुंबईत आले आणि गिरणीत राबले. त्या पिढीतल्या अनेक गायक-शाहिरांच्या मागे गिरणी, गोदी, रेल्वे, नगरपालिका यांचा पगार होता. दिवसा पाळी, रात्री गाणे. तो पगार तुटपुंजा होता, पण महिन्याच्या महिन्याला येत होता. आंबेडकरी गाण्याला मिळालेले पहिले नियमित अर्थसाहाय्य म्हणजे कामगाराचा पगार. ते कुठल्या सरकारने किंवा दात्याने दिले नाही, कलावंताने स्वतःच्या घामातून दिले.

आणि ज्यांच्या मागे असा नियमित पगार राहिला नाही, त्यांचे काय झाले तेही माहीत आहे. ज्यांच्या साहित्याची भाषांतरे परदेशांत पोहोचली, त्या अण्णाभाऊ साठे यांचे 18 जुलै 1969 रोजी गोरेगावात हलाखीतच निधन झाले.

1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या. तुळजापूर तालुक्यात तर अशी गिरणी कधी नव्हतीच. कोरडवाहू शेती, मजुरी आणि दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणे. ऊसतोडीचा फड आणि रियाज यांचा मेळ बसत नाही. म्हणून 'आमच्या वेळी असे नव्हते' हे वाक्य आजच्या तरुण गायकाला ऐकवण्यात अर्थ नाही. त्याच्या मागचा पगारच नाहीसा झाला आहे.

सरकारी पैसा येतो, पण केव्हा?

राज्य सरकारची वृद्ध साहित्यिक व कलावंत मानधन योजना 1950 च्या दशकापासून चालू आहे. आता तिचे नाव राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना असे आहे. आधी अ, ब आणि क अशा वर्गांनुसार महिना 3,150, 2,700 आणि 2,250 रुपये मिळत. 2024 मध्ये वर्गवारी मागे पडली आणि सरसकट 5,000 रुपये झाले. ही चांगली सुधारणा आहे. राष्ट्रीय पातळीवरचा आणि गावपातळीवरचा कलावंत म्हातारपणी सारखाच भुकेला असतो, हे सरकारने मान्य केले.

पण योजनेचा आकार पाहा. वय साधारण 50 पूर्ण हवे, उत्पन्नाची मर्यादा आहे आणि एका जिल्ह्यातून वर्षाला 100 जणांची निवड. त्या 100 मध्ये भजनी, कीर्तनकार, गोंधळी, शाहीर, तमाशा कलावंत, लेखक सगळेच. तुळजापूरसारखे क्षेत्र असलेल्या जिल्ह्यात ही रांग लांबच असणार. शिवाय कलेचा पुरावा मागतात. ज्याचा सगळा व्यवहार फोनवर आणि हातोहात झाला, तो तीस वर्षे गायल्याचा कागद कुठून आणणार?

मुद्दा रकमेचा कमी आणि वेळेचा जास्त आहे. हे मानधन गाऊन थकलेल्या माणसाला मिळते. गाणे सुटते ते तिशी-पस्तिशीत, मुलांची फी आणि घरभाडे सुरू झाल्यावर. त्या वयात हात देणाऱ्या योजना केंद्राकडे आहेत. संस्कृती मंत्रालयाची अधिछात्रवृत्ती 25 ते 40 वयोगटाला महिना 10,000 आणि चाळिशीनंतर महिना 20,000 रुपये दोन वर्षे देते. लोककलेचाही त्यात समावेश आहे. पण देशभरातून वर्षाला चारशेपर्यंत जणांची निवड, आणि अर्जासोबत संशोधन प्रकल्पाचा आराखडा. अणदूरच्या गायकाला हा आराखडा कोण लिहून देणार? तुळजापुरात टाटा समाजविज्ञान संस्थेचे शैक्षणिक संकुल आहे. तिथे शिकणारी आपली मुले-मुली वर्षातून दोन-चार असे अर्ज लिहायला बसली, तरी बंद दार थोडे उघडेल.

सरकारी कामाचा आणखी एक मार्ग म्हणजे योजनांच्या प्रचारासाठी नेमली जाणारी कलापथके. त्यातून काही जणांना काम मिळते आणि त्यात गैर काही नाही. पण सरकारची योजना मंचावरून सांगणे आणि त्याच सरकारला मंचावरून जाब विचारणे, ही दोन कामे एकाच पथकाला एकाच वर्षात जमत नाहीत. आंबेडकरी गायक स्वतंत्र राहायचा असेल तर त्याचा सगळा पैसा एकाच दारातून येता कामा नये. मग ते दार सरकारचे असो, पक्षाचे असो की एखाद्या नेत्याचे.

गाणे घराघरांत, हिशोब कुठेच नाही

कॅसेटच्या काळात भीमगीतांचा मोठा बाजार उभा राहिला. बहुतेक गायक-गीतकारांना ध्वनिमुद्रणाच्या दिवशी एकरकमी पैसे मिळाले आणि विषय संपला. पुढे कॅसेट किती खपली, याच्याशी त्यांचा संबंध राहिला नाही. वामनदादांसारखे कवी गाण्याच्या शेवटी आपले नाव गुंफत. आज तीच गाणी मोबाईलवर फिरतात आणि खाली कवीचे नाव अनेकदा नसते. शेवटच्या ओळीतली ती नाममुद्रा हीच अनेकांची एकमेव मालकी राहिली.

कायदा मात्र बदलला आहे. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा बांधला की तो कंपनीला कायमचा लिहून देता येत नाही. गायकालाही सादरकर्ता म्हणून हक्क मिळाला. गीतकार-संगीतकारांसाठी 1969 पासूनची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे, गायकांसाठी 2013 मध्ये स्वतंत्र संस्था झाली. गीताचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. अण्णाभाऊंच्या शब्दांवरचा हक्क 2029 अखेरपर्यंत आणि 2004 मध्ये गेलेल्या वामनदादांच्या शब्दांवरचा 2064 अखेरपर्यंत. किती कवींच्या वारसांना हे माहीत आहे?

यूट्यूबवरून पैसा येतो हे खरे, पण जाहिरातींचा वाटा मिळायला चॅनलचे 1,000 सदस्य आणि वर्षभरात 4,000 तासांचे पाहणे लागते. छोट्या पार्टीचा कार्यक्रम कुणीतरी मोबाईलवर टिपतो आणि स्वतःच्या चॅनलवर टाकतो. तास त्याच्या खात्यावर जमतात. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात यांचा एकतारीवरचा आवाज अशाच चित्रफितींनी महाराष्ट्रभर पोहोचला. प्रसिद्धी पोहोचणे आणि पैसा पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी आपोआप होत नाही.

बाहेर काय चालले आहे

कलावंताचे काम हंगामी असते, हे फ्रान्सने फार पूर्वी कायद्यात आणले. तिथे रंगमंचावरच्या कलावंताने बारा महिन्यांत 507 तासांचे काम दाखवले की कामाविनाच्या दिवसांत त्याला बेरोजगारी भत्ता मिळतो. आयर्लंडने 2022 मध्ये 2,000 कलावंतांना आठवड्याला 325 युरो असे मूळ उत्पन्न देण्याचा प्रयोग सुरू केला. पात्र अर्जदारांमधून निवड सोडतीने झाली, म्हणजे शिफारसपत्र आणि ओळख बाद. त्या देशांकडे पैसा आहे, आपली तुलना त्यांच्याशी नको, असे कुणी म्हणेल. रकमेची नकोच. पण दोन तत्त्वे घेण्यासारखी आहेत. मदत रिकाम्या महिन्यांत द्यावी, आणि ती मागण्यासाठी कुणाच्या पाया पडावे लागू नये.

आपला सर्वात मोठा निधी: वर्गणी

सरकारकडे मागण्या करायच्याच आहेत. पण त्याआधी आपल्या हातातल्या पैशाचा हिशोब मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, तुमच्या गावाचे तुम्ही भरा.

समजा गायन पार्टीला एका कार्यक्रमाचे 30,000 रुपये ठरले. पार्टीत आठ जण. जीपचे 4,000 गेले तर उरले 26,000, माणशी 3,250. नशीबवान पार्टीला हंगामात 20 कार्यक्रम मिळाले तर माणशी 65,000. वर्षाच्या बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला साधारण 5,400. म्हणजे जोमात गाणारा, मागणी असलेला कलावंत आणि सरकारी मानधनावरचा वृद्ध कलावंत जवळजवळ एकाच पायरीवर. त्या वीसपैकी तीन मंडळांनी पैसे बुडवले, तर महिन्याचा आकडा 4,600 वर येतो. म्हणजे वृद्ध कलावंताच्याही खाली.

त्याच जयंतीत डीजेच्या भिंतींवर आणि दिव्यांवर काय खर्च होतो, हे प्रत्येक मंडळाला माहीत आहे. तरुणांना नाचायचे असते, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. शिवाय रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद आणि ठरावीक दिवशीच 12 पर्यंत सवलत, या नियमाने रात्रभर चालणारे गायनाचे सामने संपले. वेळ कमी झाला, तेव्हा आधी गाणे कापले गेले, डीजे नाही. एवढी गोष्ट मात्र आपण ठरवून बदलू शकतो.

काय करता येईल?

पहिले, एक पानाचा करार. तारीख, वेळ, एकूण रक्कम, निम्मे आगाऊ, उरलेले मंचावर चढण्याआधी. पावसाने कार्यक्रम रद्द झाला तर किती द्यायचे. लोकांनी दिलेले बक्षीस पूर्णपणे पार्टीचे. चित्रीकरण कोण करणार आणि ते कुणाच्या चॅनलवर जाणार. गीतकाराचे नाव मंचावरून घेतले जाणार. पैसे शक्यतो खात्यावर. हाच कागद वीस वर्षांनी मानधनाच्या अर्जाला पुरावा म्हणून जोडता येईल. गायकांनीही आपली पत्रके आजपासून एका फाईलमध्ये लावायला सुरुवात करावी.

दुसरे, वर्षावास. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारांत ग्रंथवाचन चालते आणि नेमका हाच गायकाचा रिकामा काळ. तालुक्यातल्या दहा गावांनी वर्षावासात एकेक संध्याकाळ गाण्याची ठेवावी. डीजे नाही, मोठा मंच नाही, विहारातच चार जणांची छोटी पार्टी. 10,000 रुपये दिले आणि 2,000 प्रवासाला गेले, तर माणशी 2,000. दहा गावांचे मिळून 20,000. तीन महिन्यांसाठी महिन्याला साडेसहा हजारांच्या वर. शेतावर जायचे की रियाज करायचा, हा प्रश्न तेवढ्याने थोडा सैल होतो. जयंतीच्या वर्गणीतून 10,000 बाजूला काढणे बहुतेक मंडळांना जड नाही.

तिसरे, ही वाटणी एकाच नावाजलेल्या पार्टीकडे जाऊ नये. निदान काही संध्याकाळी नव्या आणि महिला गायकांना द्याव्यात. वर उल्लेख केलेली कोरसमधली मुलगी मुख्य माईकवर यायची असेल, तर तिला आधी मे महिन्यानंतरही गावात राहता आले पाहिजे.

'चळवळ विकायला काढली' म्हणणाऱ्यांना

या मागणीवर एक आक्षेप येईल. भीमगीत हे प्रबोधन आहे, त्याचा बाजार कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. पण मंडपवाला, वाजंत्री, छापखाना आणि जेवणाचा आचारी यांना आपण ठरलेले पैसे देतो आणि त्यांना चळवळ शिकवत नाही. फुकट प्रबोधनाची अपेक्षा फक्त गाणाऱ्याकडून का? ज्या गायकाला पैशाची खात्री असते, तोच मंडळाच्या अध्यक्षाला न आवडणारे गाणे गाऊ शकतो. ज्याला नसते, तो मंचावरच्या नेत्याचे नाव कडव्यात घालतो. आज आपण तेच ऐकतो आहोत आणि 'गाण्याचा दर्जा घसरला' म्हणून हळहळतो आहोत.

विठ्ठल उमप 2010 मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच कोसळले. अखेरच्या श्वासापर्यंत गाणारा कलावंत म्हणून आपण त्यांचा गौरव करतो. गौरव जरूर करावा. पण तुळजापूर तालुक्यातला पस्तिशीचा गायक पुढच्या वर्षी गात राहील का, हा प्रश्न जयंती मंडळाच्या येत्या बैठकीत ठेवायचा आहे. वर्गणीची पावती फाडण्याआधी गायकाशी करायचा एक पानाचा कागद तयार ठेवा. 1928 मध्ये बाबासाहेबांनी जे गावगाड्याकडे मागितले, ते आपल्या गायकाला आपण देऊ शकतो. त्यासाठी कायदा लागत नाही, एक ठराव पुरतो.

जयभीम.